छातीवरील फिती आणि पत्र्याचा डबा



मी सांगलीचा. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. असा माणूस वैमानिकाच्या पदकांवर काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण पदके ही एक प्रकारची नोकरीची नोंदच असते, आणि कामगारांच्या नोकरीच्या नोंदी तपासण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत.

शिवाय मी बोलतो आहे ते कुठे? ज्या जिल्ह्यातील अपशिंगे गावाची ४६ माणसे पहिल्या महायुद्धात कामी आली आणि ज्या शहरात १९६१ साली देशातली पहिली सैनिक शाळा निघाली, तिथे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर फौजेतल्या माणसाची तसबीर असेल. तिच्यातल्या छातीवरच्या रंगीत फिती कधी वाचल्या आहेत का?

त्यांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. काही पदके त्या माणसाने विशेष काय केले ते सांगतात. बाकीची तो कुठे होता, केव्हा होता आणि किती वर्षे होता एवढेच सांगतात. १९६५ च्या युद्धात रणक्षेत्रात होता त्याला समरसेवा स्टार, १९७१ साली पश्चिम आघाडीवर होता त्याला पश्चिमी स्टार. नऊ वर्षे सेवा झाली की एक पदक, वीस झाली की दुसरे, तीस झाली की तिसरे. पहिल्या प्रकाराला मी कर्तबगारी म्हणतो, दुसऱ्याला हजेरी.

आधी कर्तबगारी पाहू. ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचे नाव आपण ऐकले असेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावापुढे दोन पदके लागत. एक वायुसेना पदक, दुसरे विशिष्ट सेवा पदक.

पहिल्याची हकीकत १९६५ ची. शत्रूच्या गोळीने विमानाला मार बसला आणि परुळकर स्वतः जखमी झाले. तुकडीच्या नायकाने सांगितले, विमान सोडून उडी घे. त्यांनी जखमी अंगाने ते मोडके विमान तळावर परत आणले. देशाचे विमान वाचले आणि वैमानिकही वाचला. हे पदक कुणालाही पटेल.

दुसऱ्या पदकाची गोष्ट निराळी. १० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे सुखोई विमान पाडले गेले आणि ते पाकिस्तानच्या हाती सापडले. युद्ध संपले तरी सुटकेची वार्ता नाही. रावळपिंडीच्या छावणीत त्यांनी व सोबत्यांनी कोठडीची भिंत आतून पोखरली. ऑगस्ट १९७२ मध्ये एका रात्री परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे त्या भोकातून बाहेर पडले. त्यांनी पेशावर गाठले आणि पुढे खैबर खिंडीच्या वाटेने लंडी कोतल. तिथून अफगाण सरहद्द चार-पाच मैलांवर. तिथे त्यांनी लंडी खाना स्टेशनची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होते. पण आगगाडी तिथे जायची केव्हाच बंद झाली होती! विचारणारे परके आहेत हे उघड झाले आणि तिघे पकडले गेले. इतर बंद्यांबरोबर ते १ डिसेंबर १९७२ ला मायदेशी आले.

म्हणजे पलायन फसले. तरी त्याबद्दल त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळाले. हे मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्याआधी थोडेच दिवस एका कारखान्यातला आमचा संप अडतिसाव्या दिवशी मोडला होता. माणसे मान खाली घालून कामावर गेली. मीही त्यांना तोंड दाखवायला लाजत होतो. फसलेल्या प्रयत्नाचीही देश नोंद ठेवतो, तर मी माझ्या माणसांच्या अडतीस दिवसांची का ठेवू नये? त्या रविवारी मी सभा घेतली आणि संपात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचे नाव वाचून दाखवले.

आता हजेरी. मी नवखा कामगार असताना आमच्या खात्यात वायुदलातून निवृत्त झालेले एक फिटर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. एकदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत फडक्यात गुंडाळलेली पदके होती : रक्षा पदक, संग्राम पदक, पश्चिमी स्टार, नऊ वर्षांचे, वीस वर्षांचे. कडेवर अण्णांचा नंबर आणि नाव कोरलेले. मी विचारले, "अण्णा, कपाटात का नाही लावत?"

ते म्हणाले, "अरे, ही नुसती नोकरीची. मी कधी विमान उडवलं नाही. पंजाबात तळावर रात्रभर नटबोल्ट आवळत होतो."

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. आज अण्णा नाहीत, म्हणून आपल्यापुढे देतो. अण्णा, वैमानिक ज्या विमानात बसतो ते उडण्यालायक आहे, हे त्याला कोण सांगतो? तुमच्यासारखा फिटर सांगतो, आणि वैमानिक त्याच्या शब्दावर जीव टाकतो. पश्चिमी स्टार देताना सरकारने हुद्दा पाहिला नाही. विंग कमांडरला जो मिळाला तोच तुम्हाला मिळाला. पगार, जेवणघर, राहायची जागा, सारे वेगळे. या एका तुकड्यापुरते तुम्ही बरोबरीचे होता.

बंधुभगिनींनो, पदकाने पोट भरत नाही. पेन्शन, औषधपाणी आणि विधवेचा हक्क यांसाठी भांडावेच लागते, आणि आम्ही ते भांडत राहू. पण आज घरी गेल्यावर एक काम करा. असा डबा असेल तर उघडा. कडेवरचा नंबर वाचा आणि वहीत उतरवून ठेवा. कोणते पदक कशाचे, हे म्हातारे माणूस हयात आहे तोवर विचारून घ्या. माझे विचारायचे राहून गेले.