वरच्या मजल्याचे काय करायचे?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. शाळा आठवीत सुटली, तीस वर्षे मिलच्या रिंग खात्यात धागे जोडले. चार शब्द आले ते याच विहाराच्या लोखंडी पेटीतल्या पुस्तकांतून. तेव्हा बोलण्यात काही कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्या.

विषय एकच आहे. विहाराचा वरचा मजला बांधून तयार झाला. समितीत दोन मते आहेत. एक मत असे की लग्न-साक्षगंधाला तो भाड्याने द्यावा, लाइटबिल तरी निघेल. हे मत आम्ही हसण्यावारी नेत नाही. बिल कोषाध्यक्षांना भरावे लागते, आम्हाला नाही. पण आमचे म्हणणे आहे की तिथे अभ्यासिका आणि पोरांसाठी गाण्या-नाटकाची, चित्रांची जागा व्हावी. "विहारात नाटक काहून पाहिजे?" असे आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी विचारले. त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

अजिंठ्याचे सोळा नंबरचे लेणे म्हणजे विहारच. भिक्खू तिथे राहत, आणि त्याच विहाराच्या भिंती चित्रांनी भरलेल्या. ते कोरवून घेतले पाचव्या शतकात वराहदेवाने. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. आणि या राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपले वाशीम! १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होते. म्हणजे विहारात चित्रे आणणारी माणसे परमुलखातली नव्हती बाप्पा, आपल्या वऱ्हाडातली होती.

आता बाबासाहेबांकडे या. ९ मार्च १९२४ ला त्यांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली. त्यातूनच पुढे जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. हा हॉल कसला? गिरणगावातले नाट्यगृह. आमच्यासारखे कामगार पाळी करून तिथे नाटके करत, पाहत. सभेने पुढे सोलापूरला वसतिगृह चालवले, मुंबईत मोफत वाचनालय काढले आणि तरुणांसाठी हॉकी क्लबही काढला. हॉकी क्लब! पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्हाला हसू आले. मग लक्षात आले, दिवसभर राबलेला पोरगा संध्याकाळी कुठे जातो ही काळजी त्याही वेळी होती. व्यसनाच्या अड्ड्यापेक्षा मैदान बरे.

आणि आपली अमरावती? १३ नोव्हेंबर १९२७ ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली ती इंद्रभुवन थिएटरात. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न तिथे चर्चेला आला. देवळाचे दार बंद होते, थिएटरचे उघडे होते.

आज दार कोणी बंद करत नाही, भाडे सांगतात. मागे आमच्या पोरांनी भीमगीतांसाठी शहरातले एक सभागृह विचारले. भाडे आणि अनामत मिळून आमचा दोन महिन्यांचा पगार झाला असता. शेवटी रस्त्यावर मंडप टाकला. पाऊस आला, हार्मोनियम भिजली. ती अजून नीट वाजत नाही. सुरेश भट १९३२ साली आपल्या अमरावतीत जन्मले. त्यांच्या नावाचे मोठे सभागृह २०१७ मध्ये नागपूरला झाले, राष्ट्रपती उद्घाटनाला आले. आम्हाला अभिमान आहे. पण आपल्या वस्तीतल्या पोट्ट्याने चार ओळी लिहिल्या तर त्या म्हणून दाखवायला त्याने नागपूरची गाडी पकडायची काय?

आणि मुलींचे बोला. दहा बाय दहाची खोली, एकीकडे टीव्ही, एकीकडे चूल, त्यात पोरगी बारावीचा अभ्यास करते. तिला संध्याकाळी दोन तास शांत जागा आणि दिवा पाहिजे.

लग्नाला आमचा विरोध नाही. महिन्यातले दोन रविवार त्यासाठी ठेवा. बाकीचे दिवस पुस्तके आणि तालमी. लाइटबिलाचे म्हणाल तर मिलमधल्या चाळीस जणांनी महिन्याला पन्नास रुपये देण्याचे कबूल केले आहे, सह्यांची यादी सोबत आणली आहे. कोषाध्यक्ष साहेबांनी ती ठेवून घ्यावी.

किल्ली कोणाजवळ राहील, असाही प्रश्न मागच्या बैठकीत निघाला. आमची पहिली पाळी साडेतीनला सुटते. चारला आम्ही इथे येऊ शकतो. किल्ली आमच्याजवळ ठेवा.

जयभीम!