वेणी कुणी घातली?

(कोल्हापुरातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आत येताना आपण सगळ्यांनी दाराशी पायताणं काढली. त्यांत चार-दोन जोड तरी अस्सल कोल्हापुरी असतील. घरी जाताना तो जोड हातात घेऊन नीट बघा. मी आज त्याच्याविषयीच बोलणार आहे.

विज्ञान म्हटलं की आपल्याला प्रयोगशाळा आठवते, कला म्हटलं की भिंतीवरचं चित्र. या जोडात दोन्ही आहेत. कच्चं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवलं की त्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि तेच कातडं वर्षानुवर्षं टिकतं. अस्सल जोडात खिळा नसतो, चामड्याच्याच वादीची शिवण असते. म्हणून झिजला तरी तो उसवून पुन्हा शिवता येतो. ढोर समाजाने कातडं कमावलं, चांभार समाजाने चप्पल घडवली. हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलं, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं. त्यांच्या हातची चप्पल मात्र पायात घातली!

आता वरच्या पट्ट्याकडे बघा. बारीक वेणी, नाजूक टाके, गोंडा. या कामात घरातल्या बायकांचा हात मोठा असतो. साधारणपणे कातडं कापणं, तळ ठोकणं पुरुषांकडे. वेणी घालणं, शिवणं, नक्षी करणं बायकांकडे. चूल, पाणी, पोरं सांभाळून, उंबऱ्याशी बसून हे काम चालतं. ज्या नक्षीमुळे गिऱ्हाईक चप्पल लाईनीत थांबतं, ती बहुतेक वेळा तिची असते. पण कारागीर कोण, असं विचारलं की नाव सांगितलं जातं नवऱ्याचं नाहीतर सासऱ्याचं. तिच्या कामाला नाव असतं ‘घरची मदत’. मदतीला कुठं मजुरी असते का?

जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीने आपल्या चपलेसारखी चप्पल फॅशनच्या मंचावर आणली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. आपण सगळे चिडलो, ते बरोबरच होतं. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते कबूल केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला. सुमारे २००० जोड बनवायचे आणि एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं.

कोल्हापूरचं नाव चोरलं म्हणून आपण भांडलो. मग आपल्याच घरात, आपल्याच गल्लीत तिचं नाव रोज गाळलं जातं, त्याचं काय? मिलानला एक न्याय आणि सुभाषनगरला दुसरा, असं कसं चालेल?

२०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण हे मानांकन मुलखाच्या नावाचं असतं. कायद्याने प्रत्यक्ष माल बनवणाऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपलं नाव नोंदवता येतं. वेणी घालणारी ही बनवणारीच आहे. मग अर्जावर तिचं नाव का नको?

हे अशक्य नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीत चप्पल बनवणाऱ्या घरांतल्या बायकांचे बचतगट उभे राहिले. ‘टोहोल्ड’ या कारागिरांच्या संस्थेमार्फत त्यांच्या हातचा माल परदेशी गेला. जिची मदत म्हणून गणना व्हायची, ती कारागीर म्हणून पुढे आली.

म्हणून प्रत्येक गटाने तीन कामं करावीत. आपल्या भागात चप्पल करणाऱ्या घरांत जावं आणि वेणी कोण घालतं, शिवतं कोण, याची यादी करावी. जोडामागे तिच्या कामाची मजुरी किती धरतात, ते विचारावं आणि धरत नसतील तर धरायला लावावी. कारागीर म्हणून ओळखपत्र, प्रशिक्षण, मानांकनाची नोंदणी, जिथे जिथे अर्ज असेल तिथे तिचं नाव घालावं. नव्या करारातलं काम आणि प्रशिक्षण किती बायकांना मिळालं, हेही महामंडळाला विचारत राहावं.

सुंदर वस्तू बघून आपण म्हणतो, काय हात आहे! तो हात कुणाचा, हे विचारायची सवय आपण लावून घेऊ या. सुरुवात दाराशी ठेवलेल्या आपल्या पायताणापासून करू या.