खेळ रचताना मिळालेले धडे

(मंडळाच्या गोरेगाव येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतरच्या वेळाचा सदुपयोग या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. परंतु या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. त्याऐवजी, गेल्या वर्षी मी एका स्पर्धेत भाग घेतला, तीत मला पारितोषिक मिळाले नाही, आणि तरीही आयुष्यभर फळ्यापुढे उभे राहून जे मला उमगले नव्हते ते तीत उमगले, ती हकीकत आपणांस सांगण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून मागून घेतली आहे.

स्पर्धा होती नवा खेळ रचण्याची. माझा नातू नुकताच महाविद्यालयात जाऊ लागला आहे. त्याचे मित्र रविवारी आमच्या घरी जमतात, टेबलाभोवती बसतात, आणि कोणी शूर सरदार, कोणी चोर, कोणी वैद्य होऊन तासन् तास बोलत राहतात. मध्येच फासे टाकतात. प्रथम मला तो वेळेचा अपव्यय वाटला. पुढे चौकशी केली, तेव्हा त्यात एक रीत आहे असे दिसून आले. एक जण सूत्रधार होतो व प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र काय करील, काय बोलेल, ते स्वतःच्या शब्दांत सांगतात. एखादी गोष्ट साधेल की फसेल याची शंका असेल तेथे फाशांचा कौल घ्यावयाचा. सोंगट्या पुढेमागे सरकविण्यापेक्षा बोलणे आणि निर्णय घेणे यांतच हा खेळ असतो.

या खेळाचे मूळ परदेशी आहे. १८२४ साली प्रशियाच्या लष्करातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने युद्धाचा सराव करण्याचा खेळ प्रसिद्ध केला. त्या परंपरेतून पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती निघाल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो.

तथापि आपल्यापैकी ज्यांची मुळे वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडीकडे आहेत त्यांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. गावच्या जत्रेत आपण रात्रभर दशावतार पाहिला आहे. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते ते ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते, आणि मग राजा व राक्षस समोरासमोर उभे राहून आयत्या वेळी सुचेल ते बोलतात. मात्र एक फरक आहे. दशावतारात शेवट ठाऊक असतो, संकासुर मरणारच असतो. नातवाच्या खेळात शेवटही ठरलेला नसतो. हा फरक मी तोंडाने सांगू शकत होतो, पण तो मला कळला होता असे म्हणता येणार नाही.

स्पर्धेची अट अशी होती की खेळ चार ते सात जणांत दोन तासांत संपावा, नियम आठ पृष्ठांत बसावेत, आणि परीक्षक ते नियम वाचून, रचनाकाराच्या गैरहजेरीत, अनोळखी माणसांकडून खेळवून पाहतील. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही गोष्टी सांगता त्या चाळीतल्या नळाच्या. त्याचाच खेळ करा ना.” मी होकार दिला.

माझे बालपण गोरेगावातच एका चाळीत गेले. गोरेगाव १९५७ साली बृहन्मुंबईत आले. विहार तलाव आमच्यापासून काही फार दूर नाही. त्याचे पाणी १८६० पासून मुंबईला जात होते, पण आमच्या चाळीत एक नळ आणि तोही पहाटे दोन तास. १९६१ साली मृणालताई गोरे महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्यासाठी त्यांनी जे लढे दिले त्यांमुळे लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. तेव्हा माझ्या खेळाचा विषय ठरला. एक चाळ, एक नळ, पाच दिवस. रोज नळाला वीस हंडे पाणी येणार आणि चाळीची गरज सत्तावीस हंड्यांची. पात्रे सहा: गिरणीत रात्रपाळी करणारा कामगार, कचेरीतला कारकून, शिवणकाम करून मुले वाढविणारी विधवा, खानावळवाल्या बाई, घरमालकाचा गुमास्ता आणि चाळ झाडणारी बाई.

मी बावीस पृष्ठे लिहिली. त्यांपैकी सहा पृष्ठे तर केवळ गोरेगावच्या पाणीप्रश्नाच्या इतिहासाची होती. नातू सूत्रधार झाला आणि सहा मुलेमुली जमली. त्यांत आपल्याच एका सभासदांची कन्याही होती. मी कोपऱ्यात वही घेऊन बसलो. तोंड उघडावयाचे नाही, असा निश्चय केला होता. तो पाच मिनिटेही टिकला नाही. कोणी विचारी, “उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी धरायचे का?” मी उठून समजावून सांगे. कोणी विचारी, “फासे कोणी टाकायचे?” मी पुन्हा उठे. वहीत मोजले तेव्हा मी चौदा वेळा उठलो होतो. शिक्षकाचा धडा शिक्षक वर्गात असेपर्यंत सरळ दिसतो. विद्यार्थ्याला अडचण आली की आपण खडू घेतो आणि अडचण धड्यात होती हे विसरून जातो. कागदावरच्या नियमाला असा पाठीराखा नसतो. तो एकटा परक्या घरी जातो. म्हणून ज्या चौदा जागी मी उठलो त्या चौदाही जागा मी नव्याने लिहिल्या. हा पहिला धडा.

दुसरा धडा फाशांनी दिला. दोन फाशांची बेरीज दहा किंवा अधिक आली तर काम साधले, असा मी नियम केला होता. दहा हा आकडा मला गोल व सुबक वाटला. मुले मात्र एकामागून एक अपयशी होऊ लागली व कंटाळली. नंतर मी पाटीवर मांडणी केली. दोन फासे छत्तीस प्रकारांनी पडू शकतात. त्यांत दहा, अकरा व बारा मिळून सहाच प्रकार, म्हणजे सहांत एक वेळ यश. गणित शिकविणाऱ्या माणसाने ही मांडणी आधी करावयास हवी होती. मग नातवाने २०१० साली निघालेल्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातील रीत दाखविली. दहा किंवा अधिक आले तर पूर्ण यश, सात ते नऊ आले तर यश परंतु काही किंमत मोजून, आणि सहा किंवा कमी आले तर अडचण. छत्तीसांत अनुक्रमे सहा, पंधरा आणि पंधरा. ही रीत मी घेतली. संसारात बहुतेक कामे अशी मधल्या प्रकारचीच होतात, हे आपण सर्व जाणतो.

तिसरा धडा कडू होता. माझ्या खेळात भांडणाऱ्याचा एक हंडा कमी होई आणि वाटून घेणाऱ्यास गुण मिळत. पाचव्या दिवशी सर्वांनी मिळून अर्ज केला की नवा नळ येई. खेळ संपल्यावर एक मुलगा नम्रपणे म्हणाला, “आजोबा, उत्तर तर पहिल्याच पानावर कळतं. मग आम्ही करायचं काय?” आपल्या आजोळी पूर्वी मोक्षपट असे. सद्गुणाच्या घरात शिडी आणि दुर्गुणाच्या घरात साप. हाच खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जाऊन सापशिडी या रूपाने परतला. त्यात कवड्या पडतील तसे चालावयाचे, खेळणाऱ्यास निर्णय म्हणून उरत नाही. सारीपाटात मात्र दान पडल्यावर कोणती सोंगटी चालवावयाची हे आपण ठरवितो, म्हणून हरल्यावर हळहळ वाटते. मी मुलांना सारीपाट देतो असे सांगून मोक्षपट दिला होता. त्यांना मी प्रश्न विचारला, पण उत्तर देण्यास जागा ठेवली नव्हती.

मग मी बदल केले. गुमास्ता एका घराला गुपचूप रात्रीची चावी देऊ करतो, मात्र त्या घराने अर्जावर सही करावयाची नाही. कचेरीत अर्ज घेऊन जाणाऱ्याचा एक दिवसाचा पगार बुडतो. विधवेचे मूल आजारी पडते व तिला दोन हंडे अधिक लागतात. येथे बरोबर उत्तर कोणते, हे मलाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या रविवारी मुले तावातावाने बोलू लागली. घड्याळाकडे कोणी पाहिले नाही.

आणि त्याच दिवशी मला चौथा धडा मिळाला. तो सांगण्यासाठीच मी आज उभा राहिलो आहे.

झाडणाऱ्या बाईचे पात्र आपल्या सभासदांच्या त्या कन्येकडे होते. पहिल्या दिवसाचे पाणी सुटले. नियमांत नळावरचा क्रम मी छापून दिला होता, एक ते पाच. तिने कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “आजोबा, माझा नंबर कितवा?”

मी क्रम दिलाच नव्हता. पात्र लिहिले, तिचे नाव लिहिले, तिची गरज तीन हंडे म्हणून लिहिली, पण नळावर तिला जागा दिली नव्हती. चुकून राहिले, असे मी म्हणणार होतो. तोंडून शब्द निघेना, कारण ते चुकून राहिलेले नव्हते. आमच्या चाळीत ती बाई नळाला हात लावीत नसे. सर्वांचे भरून झाल्यावर ती कळशी खाली ठेवून दूर उभी राही आणि कोणी तरी वरून पाणी ओती. माझी आई ओतीत असे. आई दुष्ट नव्हती, कधी कधी ती शिळी भाकरीही देई. परंतु कळशीला तिचा हंडा लागू देत नसे. हे मी लहानपणी रोज पाहिले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेला सत्याग्रह मी वर्गात दरवर्षी शिकविला. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, हे मुलांकडून पाठ करून घेतले. पण तो महाडचा प्रसंग, संविधानाचा अनुच्छेद. आमच्या नळाचा त्याच्याशी संबंध मी कधी जोडला नाही, आणि नळाचा खेळ लिहावयास बसलो तेव्हाही माझ्या हाताने तीच जागा रिकामी सोडली.

मी घाईने म्हटले, “तुझा नंबर सहावा, शेवटचा.” ती म्हणाली, “शेवटचा का?” बाकीची मुलेही थांबली. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या आठ पृष्ठांत नव्हते.

अखेरच्या मसुद्यात मी छापील क्रम काढून टाकला. रोज पाणी सुटण्यापूर्वी सहाही पात्रांनी एकत्र बसून त्या दिवसाचा क्रम ठरवावा, आणि एकाही पात्राला विचारल्याशिवाय क्रम ठरू नये, एवढाच नियम ठेवला. त्यावर माझ्याच वयाचे एक स्नेही रागावले. “जुनी भुते कशाला उकरतोस? मुले आपल्याविषयी काय म्हणतील?” असे ते म्हणाले. त्यांचे दुःख मला समजते. आपल्या आईविषयी असे बोलणे मलाही सोपे गेले नाही. परंतु मुलांना काही सांगावयाचे राहिले होते असे नाही. त्या मुलीला कोणी काही सांगितले नव्हते, तरी त्या बाईच्या जागी बसताच पहिल्या पाच मिनिटांत तिला ते दिसले. मी साठ वर्षे माझ्याच जागी बसलो होतो, म्हणून मला दिसले नाही.

परीक्षकांचे पत्र आले. पाण्याच्या वाटणीचे नियम स्पष्ट आहेत, क्रम ठरविण्याचा प्रसंग चांगला रंगतो, तथापि पाचव्या दिवसाचा शेवट अजूनही रचनाकारच ठरवितो, असे त्यांनी लिहिले होते. ते खरे आहे. नवा नळ यावाच, हा मोह मला अखेरपर्यंत सोडवला नाही. चाळीस वर्षांची सवय एका वर्षात जात नाही.

मंडळींनो, आपल्या संमेलनात दरवर्षी आम्ही वृद्ध बोलतो आणि तरुण मागच्या रांगेत बसतात. गुणवंत विद्यार्थ्यांना आम्ही बक्षिसे देतो, परंतु त्यांना काही विचारीत नाही. माझी कार्यकारिणीस विनंती आहे की पुढच्या संमेलनात एक तास या खेळासाठी द्यावा. सात जणांचे टेबल, दोन फासे आणि आठ पृष्ठे एवढेच साहित्य लागते. प्रती मी मंडळाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. ज्येष्ठांनी झाडणाऱ्या बाईचे पात्र घ्यावे, तरुणांनी गुमास्त्याचे घ्यावे, आणि सूत्रधार एखाद्या मुलीने व्हावे. मी त्या वेळी कोपऱ्यात बसेन आणि या खेपेस न उठण्याचा प्रयत्न करीन.