उपचारातील चूक आणि उपचाराच्या आडचा अत्याचार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दवाखान्यात कोणावर अन्याय झाला की माणसे तालुक्याच्या गावी कार्यकर्त्याकडे धाव घेतात, आणि पहिला शब्द त्यांच्या तोंडी येतो तो 'निष्काळजीपणा'. पोटात बोळा राहिला, तो निष्काळजीपणा. भलतेच इंजेक्शन दिले, तोही निष्काळजीपणा. आणि पडद्यामागे तपासणीच्या नावाखाली एखाद्या बाईच्या अंगाशी लगट झाली, तर तिच्या घरची मंडळी संकोचापोटी त्यालाही निष्काळजीपणाच म्हणतात. कार्यकर्ताही घाईने तोच शब्द अर्जात उतरवतो. वास्तविक, अर्जातील शब्द बदलला की कलम बदलते, कलम बदलले की चौकशी करणारा बदलतो, आणि मग न्यायाची वाट मागणारी स्त्री भलत्याच दारात वर्षानुवर्षे उभी राहते. म्हणून या दोहोंमधील भेद वकिलांच्या हवाली करून मोकळे होणे कार्यकर्त्याला परवडणारे नाही.

प्रथम निष्काळजीपणा. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला मोटारीने पुण्यास नेण्यात आले. तेथील डॉक्टरांनी भूल न देता, माणसांकरवी पाय ओढून हाड बसवले आणि त्याच दिवशी तो मुलगा दगावला. हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६८ साली त्याचा निकाल लागला. भरपाई मिळाली ती तीन हजार रुपये. रक्कम क्षुल्लक होती, परंतु त्या निकालाने सांगितलेली कर्तव्ये आजही प्रमाण मानली जातात: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार करावा हे ठरवताना, आणि तो प्रत्यक्ष करताना डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. येथे डॉक्टरांचा हेतू वाईट होता असे कोणीही म्हटले नाही. त्यांना मुलगा बराच करावयाचा होता. निष्काळजीपणाचे सारे कायदेशास्त्र या एका गृहीतावर उभे आहे. उपचार करण्याचाच हेतू होता, फक्त तो योग्य रीतीने झाला नाही.

हेतू चांगला धरल्यामुळे कायदा डॉक्टरकडे सहानुभूतीने पाहतो. त्याच पेशातील जबाबदार मंडळींनी तसेच केले असते काय, हा प्रश्न तो विचारतो. इंग्लंडमधील १९५७ च्या बोलॅम खटल्यातील ही कसोटी आपल्या न्यायालयांनी स्वीकारली. २००५ साली जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेले. डॉक्टरला फौजदारी गुन्ह्यात ओढावयाचे तर निष्काळजीपणा घोर असला पाहिजे. पोलिसांनी आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे मत घ्यावे. आणि सरसकट अटक करू नये, असे त्यात सांगितले गेले. २०१३ च्या ललिताकुमारी निकालाने गुन्हा नोंदवणे पोलिसांना बंधनकारक केले. पण प्राथमिक चौकशीची सवलत ज्या थोड्या प्रकारांना दिली त्यांत वैद्यकीय निष्काळजीपणा आहे. मृत्यू ओढवला तरी डॉक्टरला शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने इतरांसाठी ती पाच वर्षांपर्यंत वाढवली, डॉक्टरांसाठी मात्र दोनच ठेवली.

उरतो भरपाईचा मार्ग. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली हे खरे, पण जेथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात अशी रुग्णालये त्यातून वगळली गेली. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोग, आणि ज्याच्यापाशी सरकारी दवाखान्यावाचून दुसरे काही नाही त्याला दिवाणी न्यायालयाची पायरी. गरिबाच्या वाट्याला कायद्यातही असा शिळा तुकडा येतो, हे जाता जाता नोंदवलेले बरे.

आता दुसरी बाजू. तपासणीच्या खोलीत डॉक्टरने, कंपाउंडरने वा वॉर्डबॉयने स्त्रीच्या देहाचा उपभोग घेतला, तर तेथे उपचाराचा हेतूच नसतो. उपचार हे तेथे फक्त निमित्त. त्यामुळे 'इतर डॉक्टरांनी तसेच केले असते काय' हा प्रश्नच तेथे गैरलागू आहे.

हा भेद कायद्यात स्पष्ट होण्यास मात्र फार काळ लागला, आणि त्याच्या मुळाशी महाराष्ट्रातीलच एक घटना आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यातून १९८३ ची दुरुस्ती झाली. तिच्यात पोलिसांबरोबर रुग्णालयाचे व्यवस्थापक व कर्मचारी यांचाही समावेश झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. रुग्णालयातील स्त्रीवर तेथील माणसाने अधिकाराचा गैरफायदा घेऊन बलात्कार केला तर किमान दहा वर्षे शिक्षा ठरली. शिवाय संबंध सिद्ध झाल्यावर 'माझी संमती नव्हती' असे तिने सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच धरून चालावे, हा पुराव्याचा नियम आला. आज तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे. यामागचे तत्त्व असे, की खाटेवर पडलेल्या रुग्णाची आणि अंगरखा घातलेल्या माणसाची बरोबरी नसते. तिची 'हो' ही कित्येकदा भीतीची 'हो' असते. म्हणूनच बलात्काराच्या व्याख्येत न बसणारा, पण पदाचा वा विश्वासाचा गैरवापर करून वळवून साधलेला संबंधही न्याय संहितेच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, आणि त्यास पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे.

तरीही व्याख्या अपुरीच होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ साली अरुणा शानभाग या परिचारिकेवर वॉर्डबॉयने हल्ला केला. ती बेचाळीस वर्षे अंथरुणाला खिळून राहिली, आणि त्याला शिक्षा झाली ती खुनाचा प्रयत्न व चोरटेपणाने लुबाडणे यांसाठी. लैंगिक अत्याचाराचा शब्दही त्या शिक्षेत नव्हता. ही व्याख्या व्यापक होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. त्या दुरुस्तीने बोटाने वा वस्तूने केलेला शरीरप्रवेशही बलात्कारात धरला, आणि साहजिकच एक अपवादही घातला: वैद्यकीय प्रक्रिया म्हणजे बलात्कार नव्हे.

या अपवादातच खरी मेख आहे. प्रत्येक आरोपी याच छत्रीखाली येऊन उभा राहतो. 'ती तपासणी आवश्यक होती, बाईला कळले नाही.' १८७७ साली इंग्लंडमध्ये बाजारात पाल ठोकून औषधे देणाऱ्या फ्लॅटरी नावाच्या इसमाने एका एकोणीस वर्षांच्या मुलीशी शस्त्रक्रिया म्हणून संबंध केला होता. न्यायालयाने तो बलात्कारच ठरवला, कारण तिने होकार दिला तो उपचाराला. इतक्या वर्षांनंतर अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या मुलींचा डॉक्टर लॅरी नासर हेच करत राहिला. २०१४ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठाकडे तक्रार आली, तेव्हा विद्यापीठाच्या चौकशीने त्याच्याच पेशातील तज्ज्ञांना विचारले आणि हा उपचारच असल्याचा निर्वाळा दिला. २०१८ साली तो कायमचा तुरुंगात गेला आणि विद्यापीठाने पीडितांसाठी पन्नास कोटी डॉलर मान्य केले. मधल्या काळात किती मुली त्याच्या खोलीत गेल्या असतील! लैंगिक तक्रारीला निष्काळजीपणाची कसोटी लावली की काय होते, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण आहे.

तज्ज्ञाचे मत अशा खटल्यात मुळीच नको, असा याचा अर्थ नव्हे. असली तपासणी त्या आजारात करतात काय, हे तज्ज्ञ सांगू शकेल. ते खटल्यात, साक्षीदार म्हणून. गुन्हा नोंदवण्याआधीची अट म्हणून नव्हे. जेकब मॅथ्यूचा निकाल निष्काळजीपणापुरता आहे. लैंगिक गुन्ह्याची फिर्याद घेऊन गेलेल्या स्त्रीला 'आधी सिव्हिल सर्जनच्या समितीचा अहवाल येऊ द्या' असे ठाणे अंमलदाराने सांगितले, तर तो कायदा सांगत नसून कायदा मोडत असतो. बलात्कारासारख्या गुन्ह्याची खबर नोंदवण्यास नकार देणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली स्वतःलाच शिक्षा आहे. सरकारी डॉक्टरवर खटला भरण्यास शासनाची पूर्वमंजुरी लागते ही सबबही या गुन्ह्यांना लागू नाही. पुराव्याचेही तसेच. निष्काळजीपणाच्या खटल्याचा कणा म्हणजे केसपेपर व तज्ज्ञ. येथे पीडितेची विश्वासार्ह साक्ष एकटीही पुरेशी ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात १९९० साली बजावले आहे. पीडित मूल अठरा वर्षांखालील असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. त्यात रुग्णालयातील माणसाने केलेला अत्याचार गंभीर स्वरूपाचा मानला असून आरोपीविरुद्ध गृहीतकही आहे.

मुदतीतही अंतर आहे. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत जावे लागते. बलात्काराच्या गुन्ह्याला मुदतीची मर्यादा नाही. उशिरा तोंड उघडणाऱ्या स्त्रीला 'आता काय उपयोग' म्हणून परत पाठवू नये.

या दोन्ही चौकटींत न बसणारे प्रकारही आहेत. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व बीजकोश आईच्या संमतीवर काढण्यात आले. न्यायालयाने ही संमती नव्हे असे ठरवले, पण भरपाई दिली ती पंचवीस हजारांची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला; ८२ हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा लैंगिक अत्याचार नव्हे, आणि निव्वळ चूकही नव्हे. मुकादमाचा दंड आणि दवाखान्याचे बिल यांच्या कात्रीत सापडलेल्या देहांना कायद्याने अजून नीट नाव दिलेले नाही. तसेच न्याय संहितेतून जुने ३७७ कलम गेल्यानंतर प्रौढ पुरुष रुग्णावर असा अत्याचार झाला तर त्यासाठी नेमके कलम उरलेले नाही, ही उणीवही मोठी आहे.

आता कार्यकर्त्याच्या हातात काय आहे? निष्काळजीपणाच्या रागात दवाखान्याची मोडतोड केली तर २०१० च्या महाराष्ट्र कायद्याने तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे, तोही अजामीनपात्र. आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो तो पडतोच. लैंगिक गुन्ह्यात तर मोर्च्याच्या फलकावर वा पत्रकात पीडितेचे नाव छापणे हाच गुन्हा आहे, मग हेतू कितीही उदात्त असो. तिच्या सोबत ठाण्यात एक स्त्री कार्यकर्ती असावी; जबाब तिच्या शब्दांत उतरला आहे हे पाहून मगच सही व्हावी; कपडे धुतले जाऊ नयेत; आणि कोणत्याही रुग्णालयात, खाजगी असले तरी, उपचार मोफत मिळण्याचा तिचा हक्क तिथल्या तिथे सांगावा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार स्वतंत्रपणे करता येते. २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाशी गैरवर्तन हा शिस्तभंग आहे. पण ती तक्रार पोलिस फिर्यादीला पर्याय नव्हे, आणि 'परिषदेत मिटवू' असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहावे. बलात्काराचा गुन्हा तडजोडीने मिटवता येत नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्ण हक्कांची सनद तयार केली. पुरुष डॉक्टर तपासणी करीत असताना दुसरी स्त्री हजर असणे हा स्त्री रुग्णाचा हक्क असल्याचे तिच्यात नमूद आहे. महाराष्ट्राने २०२१ साली शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत रुग्ण हक्कांची सनद लावणे सक्तीचे केले. आपल्या तालुक्यातील किती दवाखान्यांत ती लागली आहे, मराठीत आहे की नाही, आणि दाराआड टांगली आहे की रुग्णाला बसल्या जागेवरून वाचता येते, हे पुढील बैठकीपूर्वी प्रत्येक शाखेने पाहून यावे.