पुन्हापुन्हा पडणारे स्वप्न आणि आपला अभिनय
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नाटकांच्या तालमी मी घेते, तेव्हा त्याच संबंधात बोलावे असे ठरले. विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या. स्वप्नाचा आणि अभिनयाचा संबंध काय, असे मला दोघीतिघींनी वाटेत विचारलेही. तोच संबंध आज आपणांपुढे मांडते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. स्वप्नाचा अर्थ लावणे, शकुन-अपशकुन पाहणे, ह्याच्याशी माझ्या विषयाचा काही संबंध नाही. ज्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलावर देह ठेवला, त्यांनी जन्मभर खेडोपाडी फिरून नवस आणि पशुबळी सोडा म्हणून सांगितले. त्या गावात उभी राहून मी कोणाला स्वप्नफळ सांगणार नाही. स्वप्नात आपले हात, पाय, डोळे काय करतात, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

ही दृष्टी आपल्या जुन्या नाटककारांना पूर्ण अवगत होती. भरताच्या नाट्यशास्त्रात जे तेहतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत, त्यांत निद्रा, सुप्त आणि विबोध, म्हणजे जाग येणे, असे तीन वेगवेगळे भाव आहेत. 'सुप्त' कसा दाखवावा? तर जड श्वास, सैल पडलेली गात्रे, मिटलेले डोळे आणि झोपेतले बोलणे यांनी. भासाच्या 'स्वप्नवासवदत्त' नाटकात राजा उदयन झोपेत वासवदत्तेला हाका मारतो. ती मेली असे तो समजून आहे. आणि ती तर त्याच्याच शेजारी बसलेली आहे! ती उत्तर देते, पण ओळख देता येत नाही म्हणून उठते. जाताना काय करते? त्याचा खाली लोंबणारा हात उचलून हळूच अंथरुणावर ठेवते. त्या एका कृतीत तिचा सारा संसार आहे.

आपल्या विदर्भातील पद्मपूरचा भवभूती घ्या. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात चित्रे पाहून दमलेली सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपते, आणि राम जवळ असतानाच झोपेत त्याला कुठे आहात म्हणून विचारते. पुढच्या त्यागाची सावली तिच्या झोपेवर पडलेली असते. शेक्सपिअरची लेडी मॅक्बेथ झोपेत चालत येते आणि हात धूत राहते. ह्या नाटकाला शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून मराठी वेष दिला. तात्पर्य, रंगभूमीवर स्वप्न येते ते कृतीच्या रूपाने.

आता अलीकडचा विचार. रशियातील स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांनी नटाच्या शिक्षणाची पद्धत बांधली. त्यांच्या ग्रंथाचा के. नारायण काळे यांनी 'अभिनयसाधना' म्हणून मराठी अनुवाद केला आहे. नटाने आपल्या पूर्वायुष्यातील भावना आठवून भूमिकेत आणाव्या, असे त्यांनी आरंभी सांगितले. पुढे मात्र त्यांचा भर शरीराच्या साध्या कृतींवर गेला. अमेरिकेत ली स्ट्रासबर्ग यांनी आठवणींचाच मार्ग धरला, पण आठवण निदान सात वर्षे जुनी असावी, असा दंडक घातला. जखम ओली असताना तिला हात लावू नये, हे त्यातले शहाणपण. त्यांच्याकडे शिकलेल्या सँड्रा सीकॅट या बाईंनी नटांची स्वप्ने शिक्षणात आणली. नटाने आपले स्वप्न आणायचे आणि सहकाऱ्यांना घेऊन ते करून पाहायचे.

आपल्याला याची गरज काय? तर आपल्या तालमीत मला एक अडचण नेहमी येते. रडण्याचा प्रसंग आला की साऱ्याजणी एकसारख्या रडतात, आणि ते रडणे असते टीव्हीच्या मालिकेतले. पदर तोंडाला, मान एका बाजूला. दुःख प्रत्येकीचे निराळे, मग रडणे एकाच साच्याचे कसे? पण पुन्हापुन्हा पडणारे स्वप्न कोणी मालिकेतून घेतलेले नसते. ते जिचे तिचे असते, आणि इतक्यांदा पडलेले असते की त्यातली जमीन, उजेड, हातातले ओझे तिला पाठ असते.

आमची रीत साधी आहे. प्रथम स्वप्न पाचसहा वाक्यांत सांगायचे, तेही आत्ता घडते आहे असे: पायाखाली काय आहे, हातात काय आहे, कोठून उजेड येतो. मग गोष्ट बाजूला ठेवून एकच कृती निवडायची व ती सावकाश, पुन्हापुन्हा करायची. लागल्यास बाकीच्यांनी त्यातले दार, विहीर, गर्दी व्हायचे. कोणी कोठे उभे राहावे हे जिचे स्वप्न तिने सांगायचे, इतरांनी भर घालायची नाही. शेवटी ती कृती नाटकातल्या प्रसंगात आणायची.

दोन उदाहरणे देते; दोघींनी तशी परवानगी दिली आहे. एक भगिनी म्हणाल्या, "बाई, मले तं नेहमी तेच सपन पडते. इहिरीतून दोर ओढू ओढू हात भरून येते, पण दोर काही सरत नाही." नाटकात त्यांना शहरातून न परतलेल्या मुलाची वाट पाहणारी आई व्हायचे होते. मी म्हटले, रडू नका, दोर ओढा. प्रयोगात त्या ओट्यावर बसून पदराचा काठ मुठीतून ओढीत राहिल्या, काठ संपला की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांत टिपूस नव्हते. मंडपात मात्र पोरेसुद्धा गप्प झाली. दुसऱ्या काकूंचे स्वप्न असे, की पंगत बसली आहे आणि पिठाचा डबा उघडावा तर आत दर वेळी भलतेच काही! त्या स्वप्नावर आमचा विनोदी प्रवेश उभा राहिला. तेव्हा ह्या रीतीतून केवळ दुःखच निघते असे कोणी समजू नये.

तिसऱ्या भगिनीचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोही तिला विचारूनच सांगते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माह्यं सपन माह्यापाशीच राहू द्या, बाई. दुसरीच्या सपनात दार म्हणून उभं राहाले मले चालते." तिच्या घरी काय झाले ते मी येथे बोलणार नाही, वऱ्हाडात तशी घरे किती आहेत हे आपण जाणताच. ती तीन महिने दार झाली. कोणी तिला खोदून विचारले नाही. आणि पाहता पाहता दाराचे काम तिच्याइतके कोणाला जमेना, कारण कोणासाठी उघडावे आणि कोणासाठी मिटावे हे तिला कळत होते.

म्हणून आम्ही तीन नियम केले. स्वप्न सांगण्याची सक्ती कोणावर नाही. तालमीत ऐकलेले तालमीतच ठेवायचे, ते नदीवर वा ओट्यावर न्यायचे नाही. आणि सराव संपला की तोंड धुवायचे, आपले नाव व आजचा वार मोठ्याने सांगायचा, चहा घ्यायचा, मगच घरी जायचे. स्वप्नात शिरणे सोपे. त्यातून चालत बाहेर येणे हीच नटाची कला होय.

आणखी एक. भीतीच्या स्वप्नांनी जिची झोपच उडाली आहे, तिला तालीम हे औषध नव्हे. तिच्यासाठी वैद्यकात निराळा उपाय आहे. तिथे त्रास देणाऱ्या स्वप्नाचा शेवट जागेपणी बदलून त्याची रोज मनात उजळणी करवितात. अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांवर अमेरिकेत केलेल्या अभ्यासात ह्या उपायाने अशी स्वप्ने कमी झाली व झोप सुधारली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. पण हे काम डॉक्टरांचे. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तो लावण्यात लाज कसली?

भगिनींनो, घरात आपल्याला भाजी कशी झाली हे विचारतात, पीठ संपले का हे विचारतात. रात्री काय पाहिलेस, असे कोण विचारते? आपल्या मंडळात ते विचारले जाते, आणि सांगायचे नसेल तर तेही ऐकून घेतले जाते. पुढच्या सोमवारपासून नव्या नाटकाच्या तालमी सुरू होतील. ज्यांना स्वप्न आणायचे त्यांनी आणावे. ज्यांना नसेल आणायचे त्यांनीही यावे. आम्हांला दारे हवीच आहेत.