मापात पाप ओळखायचं कसं?

आज बोलायचंय तोलामापाबद्दल.

पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गटानं उजनीच्या काठावर चिलापी विकायला काढली. आमच्या तराजूत मासळी १० किलो भरली. व्यापाऱ्यानं ती आपल्या हुकाच्या स्प्रिंगकाट्याला अडकवली, तर साडेनऊ. तो म्हणाला, "पाणी निथळलं, मावशी." आम्ही गप्प बसलो नाही. आमचं ५ किलोचं शिक्क्याचं लोखंडी माप त्याच हुकाला लावलं. काटा पावणेपाचावर थांबला. लोखंडाचं कुठलं पाणी निथळणार?

असं का झालं, हे कळायला दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. बोलताना आपण दोन्हींना वजनच म्हणतो. टोपलीत मासळी मुळात किती आहे, ते तिचं वस्तुमान. ते किलोत मोजतात. त्या मासळीला पृथ्वी किती जोरानं खाली ओढते, ते तिचं वजन. शाळेतली पोरं ते न्यूटनमध्ये मोजतात. एका किलोला ही ओढ साधारण ९.८ न्यूटन असते.

तराजूत एका पारड्यात मासळी, दुसऱ्यात माप. पृथ्वी दोन्हींना सारखीच ओढते, म्हणून दांडी फक्त वस्तुमानाची तुलना करते. स्प्रिंगकाटा मात्र ओढ मोजतो आणि तिचा आकडा किलोत दाखवतो. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. तिथली ओढ पृथ्वीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी. आपली १० किलो मासळी तिथं नेली, तर स्प्रिंगकाटा पावणेदोन किलोसुद्धा दाखवणार नाही. तराजूत मात्र ती १० किलोच भरेल.

आता कुणी म्हणेल, गावागावांत ओढ बदलत असेल. बदलते, पण करमाळ्यात काय नि इंदापुरात काय, बाजारच्या काट्यावर दिसण्याएवढा फरक पडत नाही. आमचा अर्धा किलो पृथ्वीनं नेला नव्हता, काट्यानं नेला होता. स्प्रिंग सैलावते, गंजते, कधी कुणी मुद्दाम बिघडवतं. डिजिटल काट्याच्या आतही धातूचा तुकडा भारानं किंचित वाकतो, त्यावरून आकडा येतो. म्हणून तोही तपासावा लागतो.

तराजूही डोळे झाकून मानू नका. रिकामी पारडी समान आहेत का, पासंग नाही ना, ते आधी बघा. मग माल आणि माप यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोला.

सरकारचा वैध मापन विभाग काटे नि मापं तपासून शिक्का मारतो. लोखंडी मापांची तपासणी दर दोन वर्षांनी, स्प्रिंगच्या नि डिजिटल काट्यांची दरवर्षी करून घ्यावी लागते. शिक्का आणि प्रमाणपत्राची तारीख विचारायला लाजू नका. दाद मिळाली नाही, तर याच विभागाकडे तक्रार करता येते.

प्रत्येक गटानं एक शिक्क्याचं माप विकत घेऊन जवळ ठेवावं. सौद्याआधी ते काट्यावर ठेवावं, मगच टोपली उचलावी. अंगणवाडीत बाळाला झोळीत घालण्याआधी तिथला काटाही असाच पडताळावा. मासळीत चूक झाली तर पैसे जातात. बाळाच्या वजनात झाली, तर त्याचं अशक्तपण आपल्या ध्यानातच येत नाही.

बरंय मैत्रिणींनो, येतो आम्ही.