तूस, माती आणि प्रथिने

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीकाठी वसलेले तिरुवैयारु हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे रसिकांस परिचित आहे. पाच पवित्र नद्यांचे स्थान, असा त्याच्या नावाचा अर्थ. या नद्यांच्या गाळावर भात पिकतो, आणि भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो. तूस मोकळ्या हवेत पूर्ण जाळले, तर मुख्यतः सिलिका हे खनिज द्रव्य असलेली राख उरते. हवा कोंडून ते तापविले, तर कोळसा व सिलिका यांचे मिश्रण मिळते. एकाच टरफलातून निघणारे हे दोन पदार्थ प्रथिने वेगळी करण्याच्या कामी मात्र अगदी भिन्न रीतीने वागतात.

स्पंजात पाणी मुरते, ते शोषण होय. द्रावणातील रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात, तेव्हा त्यास अधिशोषण म्हणतात. प्रथिनाच्या रेणूवर धन आणि ऋण असे दोन्ही विद्युत् भार असतात. द्रावणाच्या सामूनुसार, म्हणजे आम्लतेच्या मानानुसार, त्यांपैकी एकाचे आधिक्य होते. कोणते प्रथिन कोठे चिकटेल, हे बऱ्याच अंशी यावर ठरते.

अंड्यातील पांढऱ्या बलकाचे उदाहरण घ्यावे. त्यातील प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक ओव्हाल्ब्युमिन असते, तर लायसोझाइम जेमतेम साडेतीन टक्के. उदासीन द्रावणात पहिल्यावर ऋण भार असतो आणि दुसऱ्यावर धन. बेंटोनाइट मातीचे कण ऋणभारित असल्यामुळे त्यांवर मुख्यतः लायसोझाइम चिकटते. 1945 साली ॲल्डर्टन, वॉर्ड आणि फेवोल्ड या संशोधकांनी याच मार्गाने ते शुद्ध केले. उदासीन द्रावणात तुसातील सिलिकेचा पृष्ठभागही ऋणभारितच असतो.

कोळशाची गोष्ट निराळी. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रियित कोळशाची बहुतेक रंध्रे 2 नॅनोमीटरहून अरुंद असतात. प्रथिनांचे रेणू सामान्यतः त्याहून मोठे असल्याने आत शिरू शकत नाहीत. रंगद्रव्यांचे व मेदाम्लांचे लहान रेणू मात्र शिरतात. म्हणून असा कोळसा प्रथिन धरण्यापेक्षा त्यातील मळ काढण्यास अधिक उपयोगी पडतो. 1967 साली चेन यांनी रक्तातील अल्ब्युमिनला चिकटलेली मेदाम्ले कोळशानेच दूर केली.

या पद्धतीच्या यशातून एकदा मोठा भ्रमही निर्माण झाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड व्हिलश्टेटर यांनी ॲल्युमिना आणि केओलीन यांवर एंझाइमे अधिशोषित करून ती इतकी शुद्ध केली, की द्रावणात प्रथिनाची नेहमीची परीक्षा लागू पडेना. एंझाइमाची क्रिया तर चालूच होती! तेव्हा एंझाइमे प्रथिने नव्हेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तविक प्रथिन तेथे होते. फक्त परीक्षेस कळण्याइतके नव्हते. 1926 साली जेम्स सम्नर यांनी युरिएझ या एंझाइमाचे स्फटिक मिळविले व ते प्रथिन असल्याचे दाखविले. तरी हे मत सर्वमान्य होण्यास काही वर्षे लागली. सम्नर 1946 च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

चिकटविण्याइतकेच सोडविणेही महत्त्वाचे आहे. लवणाचे प्रमाण वाढवून किंवा सामू बदलून प्रथिन परत मिळविता येते. पण घट्ट चिकटलेला रेणू पृष्ठभागावर उलगडून निकामी होण्याचाही संभव असतो. 1956 साली टिसेलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅल्शियम फॉस्फेटच्या स्तंभातून प्रथिने सौम्यपणे वेगळी करण्याची रीत दाखविली. आपल्या हाडांतील खनिजही त्याच जातीचे आहे.

तेव्हा तुसाच्या राखेची वा कोळशाची योग्यता तिने किती प्रथिन धरले एवढ्यावरून ठरवू नये. त्यातील किती परत आले, आणि परत आलेले आपले काम करते काय, हीच तिची खरी कसोटी होय.